विषाणूला ऊन लागतं का?

या वेळी वाचकांपुढे विषय ठेवला होता हवामान आणि जनावरांचे विषाणू. पत्रं आली ती बहुतेक एकाच सुरात: उन्हाळे वाढताहेत, तेव्हा विषाणूही बदलत असणारच ना? काहींनी तर उत्तरही स्वतःच देऊन टाकलं आहे. माझी सगळी नोकरी विषाणूंच्या प्रयोगशाळेत गेली. गोठ्यात कमी, इनक्युबेटरच्या दारापाशी जास्त. त्यामुळे माझी उत्तरंही त्याच बाजूने येतील, हे आधीच सांगून ठेवते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांना कात्री लावली आहे.

प्रश्न: तापमान वाढलं की विषाणूंमधली उत्परिवर्तनं वाढतात, असं वाचनात आलं. किती अंशांना किती, असा काही हिशेब असतो का? (एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर: असा सरळ हिशेब नाही. अंश आणि उत्परिवर्तन यांच्यामध्ये दोन-तीन पायऱ्या आहेत आणि बातम्यांमधून नेमक्या त्याच गळतात.

जनावरांचे बरेचसे त्रासदायक विषाणू आरएनए जातीचे, म्हणजे त्यांची जनुकं डीएनएऐवजी आरएनएत लिहिलेली. आपल्या आरएनएची नक्कल काढणारं जे विकर त्यांच्यापाशी असतं, त्याला चूक झाली तर मागे वळून दुरुस्त करायची सोय जवळपास नसते. साधारण दहा हजार अक्षरांचा जनुकसंच असेल, तर दर नकलेमागे एखादी चूक, म्हणजेच उत्परिवर्तन, होतेच म्हणा ना. हा या विषाणूंचा स्वभाव आहे, तो उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा असा नसतो. शिवाय गाईच्या अंगात तापमान असतं ३८.५ अंशांच्या आसपास, मेंढीच्या अंगात थोडं वर. बाहेर बर्फ असो की लू, आतल्या विषाणूला त्याची खबरही लागत नाही. जो विषाणू फक्त जनावरातून जनावरात जातो, त्याच्या नक्कल काढण्याच्या कामात हवामानाला हात घालायला फारशी जागाच नाही.

जागा आहे ती किड्यात. डास, चिलट, गोचीड यांना स्वतःचं असं तापमान नसतं, बाहेर असेल तेच आत. ब्लूटंग घ्या. मेंढ्यांचा हा रोग क्युलिकॉइड्स नावाची, टाचणीच्या डोक्याएवढी चिलटं पसरवतात. चिलटाने आजारी मेंढीचं रक्त प्यायलं म्हणजे ते लगेच रोग देऊ लागत नाही. विषाणूला त्याच्या आतड्यातून बाहेर पडून, अंगभर वाढून लाळग्रंथीपर्यंत पोचावं लागतं. तीस अंशांच्या आसपास हे काम साधारण आठवडाभरात उरकतं, वीस अंशांना दोन आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि अकरा ते तेरा अंशांच्या खाली विषाणूची वाढच थांबते. थांबते म्हणजे विषाणू मरतो असं नाही. चिलट पुन्हा उबेत आलं की तो सोडलं तिथून पुढे चालू होतो.

प्रयोगशाळेतही हे दिसायचं. हॅमस्टरच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशी आम्ही ३७ अंशांना वाढवायचो. त्यांच्यावर ब्लूटंगचा विषाणू टाकला की थोड्याच दिवसांत पेशी गोल होऊन तळ सोडायच्या, बाटलीत नुसता गाळ. तोच विषाणू चिलटाच्या पेशींवर २८ अंशांना टाका: पेशी धडधाकट, आणि विषाणू आत निवांत वाढतोय. नव्याने आलेली मुलं विचारायची, लागणच झाली नाही वाटतं? झालेली असायची. किड्याशी या विषाणूचं भांडणच नाही.

तर हवामानाने बदलतं ते हे: एका उन्हाळ्यात विषाणूच्या किती पिढ्या होतात, नकला किती निघतात, आणि म्हणून चुका एकूण किती जमतात. दर नकलेमागची चूक तीच, नकला जास्त. इथवर बातम्या बरोबर आहेत.

पण चूक झाली म्हणजे ती टिकली असं नव्हे. किड्यातून जनावरात आणि परत किड्यात अशा येरझारा घालणाऱ्या विषाणूला दोन्ही घरी चालेल असंच राहावं लागतं. किड्यात सोयीचा बदल मेंढीत गैरसोयीचा ठरतो आणि बाद होतो. म्हणून किड्यांमार्फत पसरणारे विषाणू, इतक्या चुका करूनही, थेट पसरणाऱ्या कित्येक विषाणूंपेक्षा हळू बदलताना दिसतात. उष्णता वाढली की उत्क्रांती धावत सुटते, हे चित्र इथेच अडखळतं.

आणखी एक. फार उष्णता चिलटांनाही सोसत नाही, त्यांचं आयुष्य घटतं. विषाणू लाळेपर्यंत पोचण्याआधी चिलटच मेलं, तर सगळी घाई वाया.

प्रश्न: ब्लूटंग हा उष्ण प्रदेशातला रोग समजला जायचा. मग तो उत्तर युरोपात पोचला तो विषाणू बदलला म्हणून, की हवा बदलली म्हणून? (पशुवैद्यक अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर: तुमच्या प्रश्नातला ‘की’ काढून टाकला पाहिजे, पण प्रश्न झकास आहे. या एका रोगात सगळी गुंतागुंत दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या पुस्तकांत ब्लूटंगचा पट्टा साधारण ४० अंश उत्तर ते ३५ अंश दक्षिण अक्षांशांमध्ये आखलेला असे. १९९८ पासून भूमध्य समुद्राकाठच्या देशांत त्याचे एकामागून एक सेरोटाइप, म्हणजे एकाची लस दुसऱ्याला सहसा चालत नाही असे उपप्रकार, शिरू लागले. त्याच सुमारास क्युलिकॉइड्स इमिकोला हे आफ्रिकेतलं मुख्य वाहक चिलट दक्षिण युरोपात नव्या जागी सापडू लागलं. तिथवर गोष्ट सरळ होती: ऊब वर सरकली, चिलट वर सरकलं, मागोमाग विषाणू.

मग ऑगस्ट २००६ आला. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सीमा मिळतात त्या मास्ट्रिख्टच्या परिसरात मेंढ्या आजारी पडल्या, आणि निघाला ब्लूटंगचा सेरोटाइप ८. भूमध्य समुद्र ओलांडून पायरीपायरीने आलेला नव्हे, तर मधला सगळा युरोप सोडून थेट उत्तरेत. त्याचे जवळचे नातलग सहारापलीकडच्या आफ्रिकेतले. कोणत्या वाटेने आला, ते आजवर निश्चित झालेलं नाही. तिथे इमिकोला चिलट नव्हतंच. रोग पसरवला तो तिथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यांभोवती राहणाऱ्या ऑब्सोलेटस गटातल्या चिलटांनी. आदल्या महिन्यात, जुलै २००६ मध्ये, नेदरलँड्समध्ये नोंदींमधला सर्वांत उष्ण जुलै होऊन गेला होता. एरवी ज्या चिलटांत विषाणू वाढायच्या आत चिलटाचं आयुष्य सरलं असतं, त्यांच्यात त्या वर्षी वेळ पुरला.

म्हणजे विषाणू तिथे पोचला तो बहुधा कुठल्यातरी वाहतुकीतून, हवामानाने नव्हे. पोचल्यावर तगला मात्र हवामानाने. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हिवाळ्यात सगळं संपेल असा अंदाज होता. संपलं नाही. २००७ मध्ये रोग हजारो गोठ्यांत पसरला, आणि त्या ऑगस्टमध्ये एका रात्री वाऱ्यावर आलेल्या चिलटांबरोबर इंग्लंडलाही गेला. या सेरोटाइप ८ ला एक गोष्ट चांगली जमत होती: गाभण गाईच्या वारेतून वासरात शिरणं. बाहेर चिलटं नसली तरी पोटात विषाणू जिवंत. हा गुण ब्लूटंगच्या मूळच्या रानटी विषाणूंत फारसा दिसत नसे, लशीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या विषाणूंत दिसे. जिथे थंडीचे महिने लांब, तिथे असा विषाणू नसलेल्यापेक्षा वरचढ ठरणार. हवामान गाळणी लावतं ते असं. ते नवी अक्षरं लिहीत नाही, चुकून लिहिली गेलेली कोणती पुढे जातील ते ठरवतं. हिवाळा ही तर फार बारीक गाळणी. शरद ऋतूत विषाणूचे असंख्य प्रकार असतात, वसंतात मोजकेच उरतात, आणि पुढचं सगळं पीक त्या मोजक्यांपासून. त्यात गुणी तेच उरतात असं नाही, नशीबवानही उरतात. उत्क्रांतीत नशिबाचा वाटा मोठा असतो, तो सांगायला लोक लाजतात.

याच विषाणूची पुढची हकीकत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे. लसीकरणानंतर तो मावळला, फ्रान्स २०१२ च्या अखेरीस मुक्त घोषित झाला. २०१५ मध्ये तिथेच पुन्हा उगवला. सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द: हवामान! मग जनुकीय क्रम वाचले गेले. मधल्या वर्षांत विषाणू कुठे रानात, कळपांत हळूहळू फिरत राहिला असता, तर त्या वर्षांच्या चुका त्याच्या जनुकांत साचलेल्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या नाहीत. २०१५ चा विषाणू जवळजवळ तिथेच होता जिथे आधीच्या साथीत त्याने सोडलं होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने निष्कर्ष काढला की तो बहुधा गोठवून ठेवलेल्या कशातून तरी, उदाहरणार्थ साठवलेल्या वीर्यातून, परत आला असावा. घड्याळ चाललंच नव्हतं.

हवामानाला आरोपी करण्याआधी जनुकांची साक्ष घ्यावी, ती याचसाठी.

प्रश्न: दोन विषाणू एकत्र येऊन तिसरा तयार होतो, हे खरं का? त्याचा उष्णतेशी काय संबंध? (मेंढपाळ, सहकारी संस्थेचे पदाधिकारी)

उत्तर: खरं आहे. ब्लूटंगचा जनुकसंच दहा सुट्या तुकड्यांत असतो. एकाच मेंढीत किंवा एकाच चिलटात दोन प्रकारचे ब्लूटंग विषाणू शिरले आणि एकाच पेशीत भेटले, तर नवी पिढी बांधताना दोन्हींचे तुकडे मिसळतात. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसून नवा डाव वाटावा तसं. चुका साठवत एक एक अक्षर बदलायला वर्षं लागतात, इथे एका रात्रीत अख्खा तुकडा बदलतो. दहांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा बदलला तर सेरोटाइपच बदलतो, आणि कालची लस आज निरुपयोगी.

युरोपातल्या ब्लूटंग विषाणूंचे पूर्ण जनुकसंच जेव्हा रांगेने लावून पाहिले गेले, तेव्हा अशी सरमिसळ जागोजाग सापडली. पूर्वेकडून आलेले आणि पश्चिमेकडून आलेले, एरवी कधी न भेटणारे वंश तिथे एकमेकांत मिसळले होते. त्यांत जिवंत लशींतले विषाणूही होते. इटलीत सापडलेला एक विषाणू तर दोन लशींमधल्या विषाणूंच्या मिश्रणातून आलेला निघाला. म्हणजे आईबाप दोघेही कारखान्यातले.

उष्णतेचा संबंध भेटीगाठींशी. जिथे पूर्वी एकच सेरोटाइप वर्षाआड यायचा, तिथे हंगाम लांबला, चिलटांच्या पिढ्या वाढल्या, दोन-तीन सेरोटाइप एकाच कळपात एकाच वेळी फिरू लागले, की एका चिलटाने दोन्ही पिण्याची शक्यता वाढते. माझ्या मते हवामान आणि विषाणूंची जनुकं यांच्यातला सर्वांत मोठा दुवा हाच आहे, अंशागणिक उत्परिवर्तन वगैरे नव्हे. आफ्रिकेतल्या रिफ्ट व्हॅली तापाच्या (तो पुढे येतोच आहे) विषाणूत तीन तुकडे, बर्ड फ्लूच्या विषाणूत आठ. खेळ तोच.

प्रश्न: उष्णतेमुळे एका जनुकीय प्रकाराने दुसऱ्याला मागे टाकलं, असं एखादं पक्कं उदाहरण द्या. अंदाज नको, पुरावा हवा. (वरच्याच विद्यार्थ्याचं दुसरं पत्र)

उत्तर: तुमच्यासारखे विद्यार्थी वर्गात असले की शिकवणाऱ्याला घाम फुटतो. देते.

वेस्ट नाइल विषाणू. मुख्यतः पक्षी आणि क्युलेक डास यांच्यातला, पण घोड्यांच्या मेंदूला सूज आणतो, म्हणून आमच्या यादीत. १९९९ मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला, न्यूयॉर्कमध्ये. तिथे आलेल्या त्या प्रकाराला नाव पडलं एनवाय ९९. काही वर्षांतच त्याच्यातून निघालेल्या डब्ल्यूएन ०२ या प्रकाराने त्याची जागा पूर्ण घेतली. दोघांत फरक मोजक्या अक्षरांचा, त्यात विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनातलं १५९ वं अमिनो आम्ल बदललेलं. डासांना दोन्ही प्रकार पाजून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं, तेव्हा नवा प्रकार लवकर लाळेत पोचत होता, आणि त्याची ही आघाडी तापमान वाढेल तशी वाढत होती. हा अभ्यास २००८ चा. एका अक्षराला सगळं श्रेय देऊ नका, पण तापमान आणि जनुकीय प्रकार यांचा इतका थेट हिशेब क्वचित मिळतो.

दुसरं उदाहरण तापमानाचं नाही, पण शेजारचं आहे. मेक्सिकोत १९९३ आणि १९९६ मध्ये घोड्यांमध्ये व्हेनेझुएलन इक्वाइन एन्सेफलायटिस या, मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूरोगाच्या साथी आल्या. किनाऱ्याकडचं जंगल साफ झालं होतं, जंगलातला नेहमीचा वाहक डास कमी झाला होता, आणि खारट दलदलीतला एक एडिस डास मुबलक होता. साथीतल्या विषाणूच्या ई २ या बाहेरच्या प्रथिनात २१३ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं, आणि त्या एका बदलाने विषाणू या नव्या डासात जास्त सहज शिरत होता. कारण जंगलतोड असो की वाढती ऊब, विषाणूपुढे नवा किडा आला की नव्या किड्याला साजेशा चुका वर येतात. हवामानाने वाहक किड्यांचे नकाशे बदलले, तर अशी निवड ठिकठिकाणी होण्याची शक्यता आहे.

प्रश्न: तुम्ही उष्णतेबद्दलच बोलता. पावसाचं काय? (निवृत्त जलसंधारण अभियंता)

उत्तर: रिफ्ट व्हॅली ताप. १९३० च्या सुमारास केनियातल्या नैवाशा सरोवराजवळ मेंढ्यांची कोकरं पटापट मरू लागली आणि गाभ टाकले जाऊ लागले, त्यातून हा विषाणू ओळखला गेला. पूर्व आफ्रिकेतल्या त्याच्या मोठ्या साथी अतिवृष्टीच्या मागोमाग येतात, बहुतेकदा एल निनोच्या वर्षी. १९९७-९८ ची तशी, २००६-०७ ची तशी.

यंत्रणा अशी की अभियंत्याला आवडावी. गवताळ माळांवर उथळ खोलगट जागा असतात, एरवी कोरड्या. तिथल्या ओलसर मातीत एडिस डास अंडी घालतात. ही अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. केनियात अशा जागांतून गोळा केलेल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून डास केले, त्यांना रक्त दाखवलंही नव्हतं, तरी त्यांच्यात विषाणू सापडला. म्हणजे आईकडून अंड्यात. दुष्काळात विषाणू मातीत झोपलेला. पूर आला की अंडी एकदम फुटतात, डासांची लाट उठते, जनावरांत रोग जातो, मग पाणी साचून राहिल्यावर क्युलेक डास येतात आणि साथ फोफावते.

आता जनुकांकडे या. झोपलेला विषाणू नकला काढत नाही, म्हणून बदलतही नाही. दशकांच्या अंतराने आणि आफ्रिकेच्या वेगवेगळ्या टोकांतून घेतलेल्या ३३ विषाणूंचे पूर्ण जनुकसंच २००७ मध्ये एकत्र मांडले, तर सगळ्यांत मिळून फरक पाच टक्क्यांच्या आसपास, आणि सगळ्यांचा सामाईक पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. एवढा मोठा खंड, एवढा जुना वाटणारा रोग, आणि वंश इतका ताजा! पाऊस इथे उत्क्रांतीचं बटण चालू-बंद करतो असं म्हटलं तर चालेल. २००६-०७ च्या साथीत एकाच वेळी अनेक वंश फिरताना सापडले. म्हणजे एका जागी पेटून ती पसरली नव्हती, पावसाने ठिकठिकाणच्या राखेतले निखारे एकदम फुलवले होते. आणि जिथे अनेक वंश एकत्र, तिथे तीन तुकड्यांची अदलाबदल आलीच.

२००० मध्ये हाच विषाणू तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये पोचला, आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा. त्याची जनुकं १९९७-९८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या विषाणूशी जुळली. नेणारी जनावरांची वाहतूक असावी, टिकवणारा पाऊस.

तुमच्या कामाची एक गोष्ट: समुद्राचं तापमान आणि जमिनीवरची हिरवळ उपग्रहातून पाहून २००६ च्या साथीचा इशारा काही आठवडे आधी देता आला होता. विषाणूच्या बाबतीत हवामानावरून बांधलेला अंदाज खरा ठरल्याचं हे मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण.

प्रश्न: लम्पी हवामानबदलामुळे आला आणि हवामानामुळेच त्याचा नवा अवतार निघाला, असं आमच्या गटात सगळे सांगतात. (दूध उत्पादक)

उत्तर: निम्मं सोडून द्या.

लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, डीएनए जातीचा, सुमारे दीड लाख अक्षरांचा. त्याच्या नक्कल यंत्रणेला दुरुस्ती बऱ्यापैकी येते, त्यामुळे तो फार हळू बदलतो. शिवाय माश्या, डास, गोचीड त्याला मुख्यतः सोंडेवरून नेतात, सुई टोचावी तसं. त्यांच्या अंगात तो ब्लूटंगसारखा वाढत असल्याचा भक्कम पुरावा नाही. म्हणून ब्लूटंगचं अंशांचं गणित इथे लावता येत नाही. ऊब आणि ओल यांनी माश्या किती होतात आणि किती महिने राहतात, एवढाच हवामानाचा हात. तो हात लहान नाही, पण तो साथीच्या आकारावर आहे, विषाणूच्या अक्षरांवर नाही.

रोगाचा प्रवास पाहा: झांबियात १९२९, इजिप्तमध्ये १९८८, तुर्कस्तानात २०१३, ग्रीसमध्ये २०१५, भारत, बांगलादेश आणि चीनमध्ये २०१९. या साखळीत जनावरांच्या ने-आणीचा भाग मोठा आहे.

आणि ‘नवा अवतार’. २०१७ पासून रशियात, नंतर चीन आणि आग्नेय आशियात असे लम्पी विषाणू सापडले, ज्यांच्या जनुकांत रानटी विषाणू आणि लशीतला विषाणू यांचे पट्टे आलटून पालटून बसलेले होते. त्यांचा माग एका जिवंत लशीतल्या भेसळीपर्यंत गेला: बाटलीत एकापेक्षा जास्त विषाणू होते. इतकी मोठी जनुकीय उडी, आणि हवामान तिच्या आसपासही नव्हतं. आपल्या हातून झालेल्या गोष्टी आभाळावर ढकलायची सवय बरी नव्हे. याचा अर्थ लस टाळा असा मुळीच नाही. नीट तपासून बनवलेली लसच लम्पी आवरते.

प्रश्न: लाळ्या खुरकूत हवेतून येतो म्हणतात. मग हवामानाने तोही बदलणार?

उत्तर: येतो, दमट आणि थंड हवेत. १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या डुकरांपासून तो वाऱ्यावर समुद्र ओलांडून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइटवर पोचला होता. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की मात्र हवेत तो फार टिकत नाही. त्याची जनुकं झपाट्याने बदलतात, बाहेरच्या प्रथिनाच्या जनुकात वर्षाला टक्काभर, पण ती बदलतात मुख्यतः गुरांची प्रतिकारशक्ती चुकवण्यासाठी. पाहायचं तर गुरांच्या बाजारांचे रस्ते पाहा, पर्जन्यमापक नंतर.

प्रश्न: बर्ड फ्लू थंडीतच का वाढतो? आणि तो गाईंमध्ये आला, त्यात हवामानाचा हात आहे का? (कुक्कुटपालक)

उत्तर: थंड पाण्यात हा विषाणू जास्त दिवस टिकतो आणि थंडीत स्थलांतरी बदकं, हंस एका पाणवठ्यावर दाटीने जमतात. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यात. हिवाळा इथे गाळणी नसून शीतकपाट आहे, म्हणून वर ब्लूटंगचं वाचून लावलेला आडाखा इथे उलटा पडेल.

२०२१ च्या अखेरीस बर्ड फ्लूच्या एच५एन१ प्रकाराचा एक वंश पक्ष्यांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅनडात उतरला आणि तिथल्या पक्ष्यांमधल्या सौम्य फ्लू विषाणूंशी त्याने आठ तुकड्यांची देवाणघेवाण सुरू केली. त्यातल्याच एका मिश्रणाची लागण मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये, चक्क कासेत, सापडली. पक्ष्यांचे मार्ग आणि मुक्काम हवामानाने हलतात हे खरं, पण गाईपर्यंतची ही उडी हवामानाने घडवली असं म्हणायला आधार नाही.

तुम्ही पत्रात पीबी२ मधल्या (हे विषाणूच्या नक्कल यंत्रणेतलं एक प्रथिन) ६२७ क्रमांकाच्या बदलाचं विचारलं आहे. तो तापमानाशी निगडित आहेच, पण शरीराच्या. पक्ष्याच्या आतड्यात चाळीसच्या वर, सस्तन प्राण्याच्या नाकात तेहतीसच्या आसपास. त्या थंड नाकात काम चालावं म्हणून हा बदल विषाणूच्या पथ्यावर पडतो. बाहेरच्या उन्हाशी त्याची गल्लत करू नका. मोठ्या लेखांतही ती गल्लत मी पाहिली आहे.

प्रश्न: आम्ही प्रत्यक्ष काय करू शकतो? नमुने पाठवतो, अहवाल येतो ‘पॉझिटिव्ह’, पुढे काहीच कळत नाही. (क्षेत्रीय पशुवैद्यक)

उत्तर: तुमची तक्रार रास्त आहे. पण आमच्या बाजूनेही ऐका. जनुकीय क्रम वाचणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड होतं ते वाचलेला क्रम कशाशी जोडायचा हे. नमुन्याबरोबरच्या कागदावर कितीदा नुसतं वर्ष आणि जिल्हा असतो. एवढ्यावर तापमान, पाऊस, चिलटांचा हंगाम, काहीही लावता येत नाही, आणि हवामानाचा प्रश्न तिथेच मरतो.

तर तारीख पूर्ण लिहा, आणि ती लक्षणं दिसल्याची वेगळी, रक्त काढल्याची वेगळी. ठिकाण मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशासह. जनावर तिथलंच, की गेल्या दोन महिन्यांत विकत आणलेलं? लस कोणती आणि कधी? हा प्रश्न सोडू नका, कारण जिवंत लशीनंतर सापडलेला विषाणू लशीतलाच असू शकतो. ब्लूटंगसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत, थंड ठेवून, पण गोठवू नका. लम्पीसाठी खपलीही पाठवा, ती रक्तापेक्षा जास्त दिवस बोलते. जमलं तर गोठ्यापाशी रात्री प्रकाश-सापळा लावून चिलटं पकडा आणि अल्कोहोलमध्ये टाका, कोणत्या जातीची आहेत हे नंतरही पाहता येतं.

आणि प्रयोगशाळेला एक विनंती लेखी करा: क्रम मूळ नमुन्यातून वाचा, पेशींवर वाढवलेल्या विषाणूतून नको. पाच-सहा वेळा बाटलीत वाढवला की तो बाटलीला सरावतो, आणि मग आपण त्या गोठ्याच्या हवामानाऐवजी आमच्या इनक्युबेटरच्या ३७ अंशांचा अभ्यास करत बसतो.